बोल्डरचा गलांडा आणि त्यावरचं बिऱ्हाड

कोलोरॅडोला गेलं की लोक रॉकी माउंटन पार्क करतात, पाइक्स पीकवर गाडी नेतात, एल्कचे फोटो काढतात. आम्हीपण केलं सगळं, पण त्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. मला सांगायचंय ते इंचभराच्या एका पतंगाबद्दल. स्किनिया मेसोनाय नाव त्याचं, नॉक्टुइडी कुळातला.

जून संपत आलेला, दादाकडे बोल्डरला होतो आणि सकाळीच शटॉक्वा पार्कला गेलो. समोर फ्लॅटआयर्न्सच्या त्या तिरक्या दगडी कपारी, खाली गवताळ उतार आणि उतारावर चक्क गलांडा! दसऱ्याला झेंडूच्या जोडीला आपण हारात ओवतो त्याचाच सख्खा भाऊबंद, गेलार्डिया अरिस्टाटा, इथला रानटी. पाकळ्या पिवळ्या, मधला गोंडा लालसर तपकिरी. वहिनीने आधीच दम दिला, "भाऊजी, फूल तोडायचं नाही हं, आणि पायवाट सोडून जाऊ नका, रॅटलस्नेक असतात."

मग काय, वाटेच्या कडेलाच उकिडवा बसून एकेक फूल बघत सुटलो. एका गोंड्यावर एका बाजूला जरा फुगवटा वाटला. नीट बघितलं तर पतंग! पंख अगदी गोंड्याच्या रंगाचे, डोकं आणि छाती पिवळी, आणि बसलेला असा की पंख गोंड्यावर आणि पिवळं डोकं बरोब्बर पाकळ्यांवर, जणू दर्ज्याने कापड मॅच करून ठिगळ लावलंय. मी मोबाईल पार नाकाशी नेला तरी ढिम्म.

ह्याची मादी अंडी ह्याच फुलात घालते, अळी आधी फुलं खाते मग बिया, आणि कोष जमिनीत. सगळा संसार एका झाडावर.

आता गंमत म्हणजे आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी, तीच कपाशीची हिरवी बोंडअळी, ती ह्या पतंगाच्याच उपकुळातली. शेवगाव-पाथर्डीकडच्या कुणालाही विचारा, शिव्याच घालेल. ती दिसेल ते खाते म्हणून तिच्यावर संशोधनाचे ढीग, आणि उत्तर अमेरिकेत ह्या पतंगाच्या स्किनिया गटाच्या शंभरावर जाती असून बऱ्याच जातींची अळी कुठल्या झाडावर जगते हेच अजून कुणाला माहीत नाही. कुणाचं पीक खात नाहीत ना, मग पैसा कोण लावणार! मला तर हे अजबच वाटतं, कारण एकेका फुलाशी रंग जुळवून बसणारे हे, फ्लोरिडा नावाची एक जात तर गुलाबी-पिवळी असते आणि दिवसा इव्हिनिंग प्रिमरोझच्या फुलात घुसून झोपते. गलांडा अमेरिकेतून आपल्या शेतात आला, हे पाहुणे मात्र तिकडेच राहिले.

कुणी जाणार असाल तर जून-जुलैत जा, सकाळीच, कारण दुपारी विजा कडाडायला लागतात. पार्किंग मिळणं मुश्किल, उन्हाळ्यात शनिवार-रविवारी फुकट शटल असते ती पकडा.