चेंबल्ली बदकांच्या पैदाशीसाठी कुट्टनाडात

केरळातल्या कुट्टनाड भागात, आलप्पुळ्याहून नेडुमुडीकडे जाणाऱ्या सरकारी बोटीत बसल्यावर थोड्याच वेळात लक्षात येते, की कालव्याचे पाणी वर आहे आणि बांधापलीकडची भातशेती खाली. समुद्रसपाटीपेक्षा खाली होणारी ही शेती जगात दुर्मीळ आहे आणि तिच्या याच वैशिष्ट्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. मी मात्र तेथे गेलो होतो तो बदकांसाठी. कुट्टनाडाची स्वतःची म्हणावीत अशी बदके दोन प्रकारची, चारा आणि चेंबल्ली. चारा गडद, काळपट तपकिरी; चेंबल्ली त्या मानाने उजळ, तांबूस तपकिरी. मला चेंबल्लीचा पैदाशीचा कळप उभा करायचा होता आणि त्यासाठी मिश्रण न झालेले पक्षी कोठे व कोणाकडे मिळतील, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, असे ठरवले होते.

जाण्यासाठी मार्च-एप्रिलचा काळ निवडला, कारण तेव्हा भाताच्या पुंचा हंगामाची कापणी होते. कापणी झाली की शेतात गळलेले दाणे, गोगलगायी आणि किडे टिपण्यासाठी बदकांचे मोठमोठे कळप सोडले जातात. एका भागातली शेते संपली की कळप ट्रकमधून दुसरीकडे हलवतात. त्रिशूरच्या कोल नावाच्या पाणथळ भातशेतांपर्यंत, पालक्काडपर्यंत आणि त्याहीपुढे तमिळनाडूपर्यंत हे कळप जातात. एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांपेक्षा दिवसभर चिखलात चरून रात्री जाळीच्या कुंपणात परतणारे पक्षी पाहिले, तर वाणाची खरी पारख होते, असे माझे मत या प्रवासात अधिकच पक्के झाले.

पहिली भेट निरणमच्या सरकारी बदक केंद्राला दिली. पत्तनमतिट्टा जिल्ह्यात, तिरुवल्ल्याजवळ असलेल्या या केंद्रात कुट्टनाडी बदके जोपासली जातात. नव्या माणसाने सुरुवात अशा ठिकाणीच करावी, कारण वाण कसे दिसायला हवे याचे एक माप डोळ्यांत बसते. पुढचे कळप मी त्या मापाने पाहत गेलो.

मिश्रणाची भीती खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी तयार केलेली खाकी कॅम्पबेल जात वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, तर कुट्टनाडी बदक साधारण 180 ते 200. अंड्यांच्या हिशेबाने पाहणारा माणूस कळपात दोन-चार कॅम्पबेल नर सोडतो आणि पुढच्या पिढ्यांत मूळ वाण ओळखू येईनासे होते. ज्या कळपात बहुतेक माद्या एकसारख्या फिकट खाकी दिसल्या, तेथे मी पुढची चौकशी केली नाही. परंतु रंगावरच सगळा भरवसा ठेवणेही धोक्याचे. बदकांच्या नराची डोक्यावरची हिरवी-काळी झळाळी पिसे झडण्याच्या काळात मावळते, आणि त्या दिवसांत पाहिलेला उत्तम नर मादीसारखा निस्तेज वाटू शकतो. म्हणून रंगाच्या आधी पाळणाऱ्याला प्रश्न विचारावेत: नर कोठून आणले, शेवटचे कधी बदलले, पिल्ले स्वतःच्या अंड्यांची की विकतची? या प्रश्नांना जो न अडखळता उत्तर देतो, त्याच्या कळपापाशी थांबावे.

एडत्वाच्या बाजूला असा एक पाळणारा भेटला. त्याचा पुतण्या हिंदी जाणणारा होता, त्यामुळे बोलणे सोपे गेले. पहाटे कुंपणापाशी पोहोचलो तेव्हा पेंढ्यावर जागोजागी अंडी पडलेली होती. बदके बहुतेक सारी अंडी सकाळी नऊच्या आत घालतात, म्हणून कळप सोडण्यापूर्वीची ही वेळ चुकवू नये. अंडी गोळा झाल्यावर त्याने कुंपण उघडले आणि मला बाजूला उभे केले. ‘आधी चाल पाहा, चेट्टा, मग पक्षी हातात घ्या,’ असे त्याने पुतण्याकरवी सांगितले; चेट्टा म्हणजे मल्याळममध्ये दादा. कळप बांधावरून उतरताना लंगडणारे, मागे रेंगाळणारे, पंखाचे टोक बाहेर वळलेले पक्षी आपोआप वेगळे दिसतात. मग त्याने एक मादी पकडून दिली, पायांना न धरता, मान आणि पंखांच्या बुंध्याशी अंग सावरून, कारण बदकाचे पाय नाजूक असतात आणि लगेच दुखावतात. तिचे छातीचे हाड सरळ होते, डोळे ठळक आणि स्वच्छ होते, आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये माझी तीन बोटे सहज मावली. चालू अंड्यावरच्या मादीची ही खूण. नर शेपटीवरच्या वळलेल्या पिसांवरून आणि घोगऱ्या, दबक्या आवाजावरून ओळखता येतो. मादीचा आवाज मात्र मोठा आणि खणखणीत असतो.

आजाराचा प्रश्न तेथे कोणी टाळत नाही. 2014, 2016, 2021 आणि 2024 मध्ये या भागात बर्ड फ्लूच्या साथी आल्या. 2024 ची सुरुवात एडत्वा आणि चेरुतना येथूनच झाली. साथ आढळली की एक किलोमीटरच्या परिसरातले सगळे पाळीव पक्षी मारावे लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. डोळ्यांसमोर आख्खा कळप गेल्याचे सांगताना त्या पाळणाऱ्याचा आवाज खाली गेला, आणि पुढचे मी विचारले नाही. वाणाच्या दृष्टीने याचा अर्थ फार गंभीर आहे: एका गावात सगळी चेंबल्ली एकवटली असतील, तर एका आठवड्यात ती नाहीशी होऊ शकतात. म्हणूनच निघण्यापूर्वी त्या भागात निर्बंध नाहीत याची खात्री पशुवैद्यकीय दवाखान्याकडून करून घेतली होती, आणि परतल्यावर नवे पक्षी जुन्या पक्ष्यांपासून दूर, वेगळ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवण्याची सोयही आधीच केली होती.

मोठ्या पक्ष्यांऐवजी मी उबवणीची अंडी निवडली. लांबच्या प्रवासात मोठी बदके खचतात, शिवाय आजारही सोबत येण्याची शक्यता जास्त. अंड्यांना रेल्वेचे हादरे सोसावे लागतात हे खरे, म्हणून ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, स्वच्छ आणि सारख्या आकाराची असावीत, निमुळते टोक खाली ठेवून भरावीत आणि पोहोचल्यावर चोवीस तास स्थिर ठेवूनच उबवणी यंत्रात घालावीत. बदकाच्या अंड्यांना उबायला 28 दिवस लागतात. सातव्या दिवशी उजेडासमोर धरून फलित नसलेली काढून टाकता येतात.

अंडी एकाच कळपातून घ्यायची नाहीत, हे आधीच ठरले होते. चंगनाशेरीच्या वाटेवरच्या दुसऱ्या एका पाळणाऱ्याकडून निम्मी घेतली. त्याचा कळप एडत्वाच्या कळपात कधी मिसळलेला नव्हता, हे दोघांनाही वेगवेगळे विचारून घेतले. यामागे साधा हिशेब आहे. 40 पक्ष्यांत 5 नर आणि 35 माद्या असतील, तर सगळ्या पिल्लांचे बाप ते पाचच असल्याने आनुवंशिक दृष्टीने तो कळप जेमतेम 17-18 पक्ष्यांइतकाच भरतो; नर 8 केले तर हाच आकडा 25 च्या पुढे जातो. अंड्यांच्या व्यवसायात सहा ते आठ माद्यांमागे एक नर पुरतो, पण वाण टिकवायचे तर नरांची संख्या वाढवावी लागते आणि त्यांच्या खाद्याचा खर्च सोसावा लागतो. एका कळपाच्या अंड्यांवर पेन्सिलने फुली आणि दुसऱ्याच्या अंड्यांवर गोल काढून त्यांचे ट्रे मी वेगळे ठेवले. पिल्ले निघाली की त्यांच्या पायांत दोन रंगांच्या कड्या घालायच्या, आणि पहिल्या पिढीत एका कळपाचे नर दुसऱ्या कळपाच्या माद्यांना लावायचे. त्यांतला अर्धा कळप दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राकडे राहील, असे आमच्यात ठरले आहे.