तुम्ही विचारलंत म्हणून: बकटेल फ्लाय बांधायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

गणपतीला नाहीतर मंडळाच्या पिकनिकला कोणीतरी हमखास गाठून विचारतं, की तू त्या हरणाच्या केसांच्या फ्लाय (हुकवर केस-पिसं बांधून केलेलं माशांचं खोटं आमिष) बांधतोस ना, आम्हालाही (बहुतेक वेळा मुलाला) शिकायचंय, तर काय काय घ्यायचं आणि पहिली कुठली बांधायची. हातात प्लेट धरून उभ्याउभ्या हे सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली फ्लाय क्लाउझर मिनो बांधा. आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या आसपास राहतो आणि ही फ्लाय इथलीच, नदीने थोडं खाली मिडलटाउनचे बॉब क्लाउझर म्हणून मासेमारीचे गाईड, त्यांनी 1987 मध्ये सस्क्वेहॅना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी ती बांधली. नाव दिलं फ्लाय-फिशिंगचे नावाजलेले शिक्षक लेफ्टी क्रे यांनी, आणि जगभर पोचवली पण त्यांनीच. त्यात लागतं काय, तर एक हुक, डंबेलसारखे जड डोळे, दोरा, थोडी चमक (चकचकीत बारीक धागे) आणि दोन रंगांचे केस, बस्स. लोक सुरुवातीलाच त्या इवल्याशा, पाण्यावर तरंगणाऱ्या, ट्राउट माशाच्या ड्राय फ्लाय बांधायला घेतात आणि पंधरा दिवसांत सगळं सामान कपाटात जातं. हुक मोठा घ्या, 2 नंबरचा नाहीतर 1/0, म्हणजे आपण काय करतोय ते दिसतं तरी.

सामानाचं पटकन सांगतो. हुक पकडायला व्हाइस (छोटा शिकंजा), दोऱ्याचं रीळ धरायला बॉबिन होल्डर, चांगली धारदार कात्री, दोरा 140 किंवा 210 डेनियरचा (हे जाडीचं माप), केस आवळायचे असल्यामुळे बारीक दोरा तटकन तुटतो. बॉक्समध्ये मिळणारं तयार किट घेऊ नका, त्यातली निम्मी पिसं कधीच वापरली जात नाहीत आणि कात्री तर कागद कापायच्या पण लायकीची नसते. एक बारीक दातांची फणी मात्र हवीच, आपली उवा काढायची असते ना तीच, इंडियन स्टोअरमधली.

आता खरं शिकायचं ते शेपटीबद्दल. बकटेल म्हणजे इथल्या व्हाइटटेल हरणाची अख्खी शेपटी, वरून तपकिरी, खालून पांढरी, रंगवलेलीही मिळते. कापून पाकिटात भरलेले केस स्वस्त दिसतात पण घेऊ नका, अख्खी शेपटीच घ्या, कारण केस शेपटीवर कुठला आहे यावर तो दोऱ्याखाली कसा वागणार ते ठरतं. बुडाकडचे केस जाड आणि जास्त पोकळ, दोरा आवळला की ते फिसकारून चहूकडे उभे राहतात. शेंड्याकडे जावं तसे ते बारीक आणि कमी पोकळ होत जातात आणि मुकाट्याने बसतात. क्लाउझरला मधल्यापासून शेंड्याकडच्या भागातले घ्या, बुडाकडचे टाकू नका पण, फुगीर डोक्याच्या मोठ्या फ्लायला तेच लागतात. सुरुवातीच्या फ्लाय झाडूसारख्या दिसतात त्यात हाताचा दोष कमी असतो, केस चुकीच्या जागेवरून कापलेले असतात.

आणि दुसरं म्हणजे केस कमी घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मान डोलावून डबल केस घेतो! एक बारीक बट धरायची, ती शेपटीला काटकोनात उभी करायची म्हणजे टोकं साधारण सारखी येतात, मुळाशी कापायची, टोकांकडून घट्ट धरून मुळाकडून फणी फिरवायची. आतली लव आणि आखूड केस भसाभस गळतात, काही वेळा निम्मी बटच जाते. उरलेली आगकाडीएवढी जाड असेल तर झालं, जास्त वाटली तर अजून काढा. टोकं ठोकून एका रेषेत आणायच्या फंदात पडू नका, थोडी मागेपुढे असली तरच पाण्यात फ्लाय निमुळती दिसते. दिव्यासमोर धरल्यावर बांधलेल्या फ्लायमधून पलीकडचं दिसलं पाहिजे, कारण कोरडी असताना गुबगुबीत दिसणारी पाण्यात पडली की माशाच्या पिल्लासारखी दिसतच नाही, आणि इतके केस असले की लवकर बुडत पण नाही.

बांधणं त्यामानाने सरळ आहे. डोळे हुकच्या दांडीच्या वरच्या बाजूला, नेढ्यापासून साधारण एक तृतीयांश मागे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून घट्ट करायचे आणि वर सुपरग्लूचा थेंब, हलले तर सगळं वाया. हे वजन वर असल्यामुळे फ्लाय पाण्यात उलटी होते, हुकचं टोक वर येतं आणि तळाच्या दगडात कमी अडकतं, सस्क्वेहॅनाच्या खडकाळ तळाला हेच पाहिजे. मग पांढरे केस डोळ्यांच्या पुढे बांधायचे, दोन डोळ्यांच्या मधून मागे न्यायचे आणि मागे परत बांधायचे. मग हुक उलटा करून थोडी चमक आणि वर पोपटी शार्ट्रूज रंगाचे केस, पुन्हा डोळ्यांच्या पुढेच. लांबी दांडीच्या दुपटीहून थोडी जास्त.

अंगठा आणि तर्जनीत केस चिमटून धरायचे, पहिले दोन वेढे सैल, मग दोरा सरळ ओढून आवळायचा आणि तोवर चिमूट सोडायची नाही. आधी सोडली की दोरा केसांना घेऊन दांडीभोवती फिरतो. मागे उरलेली मुळं तिरकी कापा म्हणजे डोकं निमुळतं होतं. आणि नेढ्यामागे जागा ठेवा! नाहीतर शेवटची गाठ नेढ्यावरच येते आणि नदीवर लायनचा दोरा ओवताना बोंब होते.

एकच फ्लाय पाठोपाठ बांधत राहा, रोज नवी नको. मग मिकी फिन करा, चंदेरी अंगावर पिवळा-लाल-पिवळा असे केसांचे तीन थर, एवढीच ती. ती लोकप्रिय केली जॉन ॲल्डन नाइट यांनी 1930 च्या दशकात. चंद्रावरून मासे कधी खातील याची सोलुनार कोष्टकं काढणारे ते हेच, आमच्या मालवणकडच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय नवीन, आम्ही तिथी बघूनच जातो.

राहिला शेवटचा प्रश्न, जो नवरा-बायकोपैकी एकजण हळूच विचारतो, हे सगळं घरात ठेवायचं कुठे. दुकानातली शेपटी स्वच्छ आणि वाळलेली असते, झिपलॉकमध्ये ठेवली की काम झालं, वास येत नाही. पण डिसेंबरात शेजारचा शिकारी फुकट देतो ती ताजी असते, त्यातलं हाड काढायचं, आतून मांस-चरबी खरवडायची, बोरॅक्स चोळून पुठ्ठ्यावर पसरून वाळवायची, आणि किडे नकोत म्हणून पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरला. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हणजे मटार काढायला गेलेलं माणूस किंचाळत नाही.