अकरा प्लगइनवरून पाचवर: आमच्या मास्टरिंग स्टुडिओची वाटचाल

तुमची मास्टरिंगची चेन काय आहे, जमलं तर स्क्रीनशॉट पाठवा, असा मेसेज आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मास्टरिंग म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवून तयार झालेल्या ट्रॅकवर, म्हणजे मिक्सवर, रिलीजच्या आधी फिरवलेला शेवटचा हात, आणि चेन म्हणजे त्यासाठी ओळीने लावलेली साधनं. पाठवायला हरकत काहीच नाही, पाठवतोही, पण स्क्रीनशॉट बघून कोणाला काही कळत नाही म्हणून आज सगळं लिहूनच काढते. आमच्या स्टुडिओला आठ वर्षं झाली आणि ती बरीचशी त्या चेनमधून एकेक गोष्ट काढून टाकण्यात गेली.

सुरुवात धाकट्या भावाच्या खोलीत झाली. तो टेक्नो बनवायचा, मी बोलण्याचं ऑडिओ एडिट करायचे, मुलाखती, डबिंग वगैरे. त्या कामात लाउडनेसचे आकडे ठरलेले असतात, त्यामुळे मीटर वाचायची सवय मला होती आणि त्याला ती अजिबात नव्हती. तो म्हणाला ताई, माझा ट्रॅक दुसऱ्यांच्या ट्रॅकशेजारी लावला की मेल्यासारखा वाटतो, जरा बघ ना. मी बघितलं, थोडा वर आणला, मग त्याच्या दोन मित्रांचे ट्रॅक आले, मग मित्रांच्या मित्रांचे, आणि एक दिवस आम्ही दोघांनी ठरवलं की हेच काम करायचं, फक्त इलेक्ट्रॉनिक म्युझिकचं मास्टरिंग, बाकी काही नाही.

तेव्हाच्या चेनमध्ये ११ प्लगइन (आवाज बदलणारी छोटी सॉफ्टवेअर) होते. ईक्यू (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करतो), मल्टीबँड कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबतो, सुरांच्या प्रत्येक पट्ट्यात वेगळा), एक्सायटर (वरची चमक वाढवतो), टेप (जुन्या टेपसारखा रंग देतो), स्टिरिओ वाइडनर (डावं उजवं रुंद करतो), परत ईक्यू, परत कॉम्प्रेसर, असं करत शेवटी दोन लिमिटर (आवाजाला ठरलेल्या रेषेच्या वर जाऊ देत नाहीत). हे सगळं एका प्रीसेटमध्ये सेव्ह करून ठेवलं होतं आणि ट्रॅक आला की तो प्रीसेट टाकायचा, थोडे नॉब हलवायचे, एक्सपोर्ट. लोक खूश होते कारण फाइल परत जायची ती मोठ्या आवाजात जायची. आम्हालाही वाटायचं की आपल्याला जमतंय.

मग एक क्लायंट क्लबमध्ये वाजवून आला आणि त्याने मला फोन केला. चिडला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, माझ्या ट्रॅकला किकच (बास ड्रमचा ठोका) नव्हती, आधीचा ट्रॅक संपला आणि माझा सुरू झाला तेव्हा जमिनीतून येणारा सगळा दणका गेला, लोक थांबले. आम्ही ट्रॅक उघडला, मोनोचं बटण (डावं उजवं एकत्र करणारं) दाबलं, आणि खरंच, खालचा भाग जवळपास गायब. वाइडनर पूर्ण ट्रॅकवर बसला होता, त्यामुळे सबमधलं (सगळ्यात खालच्या आवाजातलं) डावं आणि उजवं एकमेकांच्या उलट फेजमध्ये गेलं होतं, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. हेडफोनवर ते छान रुंद वाटतं, पण क्लबच्या साउंड सिस्टिममध्ये सब, म्हणजे खालचा आवाज देणारे स्पीकर, बहुतेक वेळा मोनो असतात, तिथे डावं उजवं एकत्र आलं की एकमेकांना खाऊन टाकतात. त्याचा ट्रॅक त्याच रात्री परत करून दिला, पण ती रात्र त्याला काही परत मिळाली नाही आणि हे मला आजही टोचतं.

त्या दिवशी वाइडनर गेला तो परत आला नाही. आता आम्ही मिड साइडमध्ये काम करतो, म्हणजे दोन्ही बाजूंना जे समान आहे ते एका चॅनलवर आणि जो फरक आहे तो दुसऱ्या चॅनलवर. ही युक्ती खूप जुनी आहे, ॲलन ब्लमलाइनच्या १९३१ च्या स्टिरिओ पेटंटपासूनची. साइडमधून साधारण १२० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की किक आणि सब आपोआप मधोमध येतात. व्हिनाइलवर जाणाऱ्या ट्रॅकला तर हे लागतंच, कारण खाली फेजचा गोंधळ असेल तर खाचेची खोली कमीजास्त होते आणि सुई उडते. कोरिलेशन मीटर (डावं उजवं किती जुळतं ते दाखवणारा) स्क्रीनवर कायम उघडा असतो, आणि मोनोचं बटण मी दर ट्रॅकला दहा वेळा तरी दाबत असेन.

यानंतर भावाने एक गोष्ट केली, आणि माझ्या मते आमचा खरा धंदा त्या दिवशी सुरू झाला. त्याने पाच ट्रॅक घेतले, आमच्याच चेनमधून गेलेले, आणि एकेक प्लगइन बंद करून आणि चालू करून माझ्याकडे ऐकायला दिले, पण दोन्ही वेळेला आवाजाची पातळी अगदी सारखी ठेवून. हे सारखं ठेवणं फार महत्त्वाचं, कारण कुठलाही प्लगइन लावला की बहुतेक वेळा आवाज अर्धा एक डीबी (डेसिबल) वाढतो आणि कानाला मोठं तेच चांगलं वाटतं, त्यात खालचं आणि वरचं जास्त ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. मला स्क्रीन दिसत नव्हती, फक्त अ की ब सांगायचं होतं. चार प्लगइनचा मला फरकच कळला नाही. दोन असे निघाले की जिथे मी दर वेळी बंद असलेलं निवडत होते. दोन वर्षं आम्ही लोकांच्या ट्रॅकवर अशा गोष्टी लावत होतो ज्यांनी काही होत नव्हतं किंवा बिघडत होतं. एक्सायटर गेला, टेप गेला, दुसरा ईक्यू गेला, मल्टीबँडसुद्धा गेला, तो आता वर्षातून एखाद्या वेळेला निघतो.

खोलीचं प्रकरण याच्याच मागोमाग आलं. आमच्या मास्टरमध्ये बेस जास्त असतो असं तीन वेगवेगळ्या लोकांनी महिन्याभरात सांगितलं आणि आम्हाला तर खोलीत कमीच वाटायचा. मेजरमेंट माइक आणून मोजलं तर माझ्या खुर्चीच्या जागी ५० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, भिंतीवर आपटून परत येते, आणि भिंतीपासून लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे साधारण १.७ मीटरवर, येणारी आणि जाणारी लाट एकमेकींना मारतात. माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून बरोबर तिथेच होती! जे मला ऐकू येत नव्हतं ते मी दर ट्रॅकमध्ये वाढवत होते. तेव्हा आमच्याकडे एका नामी ॲनालॉग कॉम्प्रेसरसाठी पैसे साठवलेले होते, ते सगळे रॉकवूल आणि लाकडात गेले, कोपऱ्यांत खालचा आवाज शोषणारे जाडजूड बेस ट्रॅप बसवले, टेबल पुढे सरकवलं. भाऊ नाराज होता काही दिवस, त्याला तो कॉम्प्रेसर हवाच होता. पण नंतर दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या फाइली निम्म्याहून कमी झाल्या आणि त्या कॉम्प्रेसरचं नाव परत निघालं नाही.

आता जी चेन आहे ती सांगते. पहिला ईक्यू. २५ हर्ट्झच्या खाली हलका कट, अगदी उभा नाही, कारण उभ्या फिल्टरने किकचा फेज फिरतो आणि गंमत म्हणजे आवाज काढून टाकूनही पीक (आवाजाची सगळ्यात उंच टोकं) वाढू शकतात. लिनिअर फेज (फेज न फिरवणारा ईक्यू) वापरला तर किकच्या आधी एक धूसर फुगा येतो, प्री रिंगिंग म्हणतात त्याला, टेक्नोमध्ये तो लगेच कळतो, म्हणून खालच्या भागात आम्ही साधा मिनिमम फेजच वापरतो. बाकी ईक्यूमध्ये एक दीड डीबीच्या वर हात जात असेल तर मी थांबते, कारण मग तो प्रॉब्लेम मिक्सचा आहे. हाय हॅट (ड्रमची झांज) ७-८ हजार हर्ट्झला टोचत असेल तर त्याच ईक्यूचा एक बँड डायनॅमिक करते, म्हणजे टोचेल तेव्हाच तो खाली येतो.

दुसरा कॉम्प्रेसर, २:१ (रेषेच्या वर आलेला आवाज निम्मा होतो), अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास म्हणजे किकचा पहिला ठोका तसाच निघून जातो, मीटरची सुई जेमतेम एक डीबी हलली पाहिजे. रिलीज (परत सोडायला लागणारा वेळ) ट्रॅकच्या वेगावर. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) दोन किकमधलं अंतर ४६९ मिलिसेकंद येतं, त्याच्या आत सुई शून्यावर परत आली नाही तर कॉम्प्रेसर सतत दाबूनच ठेवतो आणि ट्रॅकचा श्वास जातो. साइडचेनला (कॉम्प्रेसर जे ऐकून दाबतो त्याला) १०० हर्ट्झचा हायपास, म्हणजे त्याखालचं तो ऐकतच नाही, नाहीतर दर किकला पॅड (लांब चालणारे सूर) आणि हॅट खाली वर होतात. ज्यांना तसं पंपिंग हवं असतं त्यांनी ते मिक्समध्ये आधीच केलेलं असतं, त्यावर आपण आणखी एक पंपिंग चढवायचं नाही. आलेल्या ट्रॅकपैकी निम्म्यांवर हा कॉम्प्रेसर आम्ही बायपासच (बंदच) ठेवतो.

तिसरं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाडून त्यात वरचे सूर भरणं, अगदी थोडं. ५० हर्ट्झची किक फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, पण तिचे १०० आणि १५० चे हार्मोनिक (पटीतले सूर) आले आणि त्याच्या वरचेही थोडे आले की कान मूळ सूर स्वतःच भरून घेतो.

चौथा क्लिपर, आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिकमध्ये खरी मेहनत इथे आहे. किक आणि क्लॅपचं वरचं टोक एक दोन मिलिसेकंदांचं असतं, ते कापलं तर कानाला सहसा कळत नाही, पण तेच टोक लिमिटरकडे गेलं तर लिमिटर सगळा ट्रॅक खाली दाबतो. म्हणून क्लिपरने दीड दोन डीबी घ्यायचे, ओव्हरसॅम्पलिंग (आत जास्त बारीक मोजून काम करणं) चालू ठेवून, नाहीतर एलियासिंगने (ट्रॅकमध्ये नसलेले सूर उमटण्याने) वर करकर येते. किती कापायचं याचं गणित नाही, मी किक एकटी वाजते ती जागा शोधते, लूप लावते आणि ठोक्याची धार बोथट व्हायला लागली की अर्धा डीबी मागे येते. मग पाचवा लिमिटर, सीलिंग (याच्या वर जायचं नाही ती रेषा) मायनस १ डीबी ट्रू पीक (सॅम्पलच्या मधलंही खरं टोक धरून), कारण एमपी३ किंवा दुसऱ्या लॉसी (फाइल लहान करताना माहिती गाळणाऱ्या) फॉरमॅटमध्ये गेल्यावर पीक मूळपेक्षा वर जातात. १६ बिटची फाइल लागली तर सगळ्यात शेवटी डिदर (बिट कमी करताना येणारी विकृती झाकणारी बारीक खरखर), एकदाच.

लाउडनेसवरून आमची जितकी भांडणं झाली तितकी कशावरून झाली नसतील. एकाला मायनस १४ एलयूएफएसच (लाउडनेसचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) हवं असतं कारण स्पॉटिफाय तिथे आणतो, दुसऱ्याला मायनस ५ हवं असतं कारण त्याच्या आवडत्या लेबलचे ट्रॅक तिथे आहेत. मी दोघांनाही एकच सांगते. एलयूएफएसचं माप आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) २००६ च्या बीएस १७७० या मानकावर बेतलेलं आहे, त्यात खालचा आवाज मुद्दाम कमी धरतात कारण कानालाही तो कमी ऐकू येतो. म्हणजे तुमचा सब पीकमधली भरपूर जागा खातो आणि एलयूएफएसच्या आकड्यात मात्र फारसा दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा गाठायला निघालात तर आधी त्याचा सब केवढा आहे ते बघा. मायनस १४ हे प्लेबॅकचं लेव्हल आहे, त्यावर मास्टर करायची सक्ती कोणी केलेली नाही. क्लबसाठीचे आमचे ट्रॅक बहुतेक मायनस ९ ते ७ मध्ये येऊन थांबतात, कुठे थांबायचं ते ट्रॅक सांगतो.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड निर्णय चेनबद्दलचा नव्हताच. चौथ्या वर्षी आम्ही ठरवलं की मिक्स तयार नसेल तर काम घ्यायचं नाही, परत पाठवायचं, आणि काय बदलायचं ते लिहून द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. किक आणि बेस एकाच जागी भांडत असतील तर सगळं एकत्र झालेल्या, डावं उजवं एवढ्याच फाइलमध्ये ते सोडवता येत नाही, किक वाढवली की बेसही वाढतो. मिक्समध्ये तेच काम किक आली की बेस क्षणभर खाली दाबणाऱ्या एका साइडचेनने किंवा बेसच्या सुराची सुरुवात थोडी मागे सरकवून दोन मिनिटांत होतं. पहिले सहा महिने लोक रागावले, काही जण गेले ते गेलेच, दुसरीकडे जाऊन लगेच मास्टर करून घेतलं. महिन्याचा हिशोब बघून भाऊ म्हणाला, ताई, आपण चुकलो का गं? माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. सातव्या महिन्यात गेलेल्यांपैकी दोघं परत आले, मिक्स सुधारून, आणि आज आमचं निम्म्याहून जास्त काम अशाच लोकांचं आहे जे पाच पाच वर्षं येतायत आणि ज्यांच्या मिक्सला आता लिहून द्यावं लागत नाही. मास्टर बसवर (सगळे आवाज जिथे एकत्र होतात तिथे) लिमिटर ठेवू नका, २४ बिट वेव्ह फाइल पाठवा, आवाज मर्यादेबाहेर जाऊन क्लिप होऊ देऊ नका, एवढंच आता मागतो.

एक सवय चुकीतून लागली तीही सांगते. एका ट्रॅकमध्ये चौथ्या मिनिटाला बारीक टिक होती, एडिटची, मिक्समध्ये ऐकू येत नव्हती पण लिमिटरने वर आणली, आणि रिलीज झाल्यावर क्लायंटलाच सापडली. तेव्हापासून एक्सपोर्ट झालेली फाइल पहिल्यापासून शेवटच्या शांततेपर्यंत हेडफोनवर पूर्ण ऐकल्याशिवाय पाठवत नाही. हे भाऊ करतो, मी नाही, कारण ज्याने काम केलं त्याच्या कानाला टिकची सवय झालेली असते.

सध्या दुसरी खोली उभी करतोय, भावासाठी. ट्रॅप बसले, स्पीकर आले, पण काल मोजलं तर ६३ हर्ट्झला अजून खड्डा आहे, टेबल २० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर थोडा भरला. उद्या स्पीकरची उंची बदलून परत मोजणार आहोत. तो खड्डा भरेपर्यंत त्या खोलीत कोणाचाही ट्रॅक उघडायचा नाही असं आमचं ठरलंय, त्यामुळे ज्यांनी या महिन्यासाठी विचारलंय त्यांना माझ्याच खोलीत आणि माझ्याच वेळेनुसार थांबावं लागेल.