नाडी १५६, प्रेशर ९८

ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळनंतर आमच्याकडे येणाऱ्या जखमींमध्ये ट्रॉलीला मागून धडकलेल्या दुचाकीस्वारांचा भरणा असतो. ही मुलगी त्यातलीच. वय सहा वर्षं. वडिलांच्या मोटारसायकलवर पुढे, पेट्रोलच्या टाकीवर बसलेली. धडक बसली तेव्हा हँडलचं टोक तिच्या डाव्या बरगड्यांखाली घुसलं आणि मागून वडिलांचं सगळं वजन तिच्यावर आलं. १०८ च्या डॉक्टरांनी रुग्णवाहिकेतूनच फोन केला: "सिस्टोलिक ९८ आहे, डावी मांडी मोडलीय. प्रेशर चांगलंय, पण पोरगी फार गप्प आहे." सिस्टोलिक म्हणजे प्रेशरचा वरचा आकडा.

ते "फार गप्प" ऐकून आम्ही रक्तपेढीला फोन लावला. मांडीचं हाड मोडलेलं मूल ओरडायला हवं. ते गप्प असेल तर डोक्याला मार आहे किंवा मेंदूपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाहीये, आणि दोन्हींत वेळ हातात नसतो.

रुग्णवाहिका पोचायच्या आत डोस फळ्यावर लिहून झाले. वयावरून वजन काढायचं जुनं सूत्र, (वय + ४) × २, इथे २० किलो सांगतं. आपल्याकडची पुष्कळ मुलं त्याहून हलकी असतात. वडिलांना शाळेतल्या तपासणीचं वजन आठवत होतं, १८ किलो. तेच धरलं. रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड १५ मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे २७० मिग्रॅ, वेदना कमी करायला फेंटानिल १८ मायक्रोग्रॅम, रक्ताचा पहिला डोस १८० मिली, श्वासनलिकेत नळी लागलीच तर ५ नंबरची कफवाली (टोकाशी फुगा असलेली), १५ सेंमीवर पक्की करायची. मूल टेबलावर आल्यावर गुणाकार करत बसलं की दशांशचिन्ह हमखास सरकतं.

ती आली तेव्हा नाडी १५६, प्रेशर ९८/७६. वयाच्या मानाने सिस्टोलिकची खालची मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे ८२. त्या हिशेबाने ९८ उत्तम. पण वरच्या आणि खालच्या आकड्यात अंतर उरलं होतं फक्त २२, आणि हे अंतर आक्रसणं ही रक्त कमी पडत असल्याची खूण असते. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडलं, तर रंग परतायला चार सेकंद लागले. दोनच्या आत परतायला हवा. तळपाय गार, गुडघ्यांवर निळसर जाळी. तापमान ३४.९.

मुलांच्या रक्तवाहिन्या फार जोरात आवळतात. एकूण रक्तातलं ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त जाईपर्यंत प्रेशर टिकतं आणि मग एकदम कोसळतं. हिच्या अंगात रक्त किती? किलोला ८० मिली धरलं तर १,४४० मिली, दीड लिटरसुद्धा नाही. त्यातलं साडेचारशे मिली गेलं असावं असा आमचा अंदाज होता. मोठ्या माणसाने रक्तदानात दिलेली एक पिशवीच असते ३५० किंवा ४५० मिलीची.

आधीच्या दवाखान्यात ५०० मिली सलाइन देऊन झालं होतं, तेही खोलीच्या तापमानाचं. किलोला २८ मिली. आणखी सलाइन दिलं असतं तर रक्त गोठवणारे घटक पातळ होऊन अंग आणखी गार पडलं असतं, आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. म्हणून इथून पुढे रक्तच. एसी बंद केला, ओले कपडे कापून काढले, गरम हवेचं पांघरूण चढवलं.

हाताच्या शिरा चपटून गेल्या होत्या. दोन प्रयत्न किंवा दीड मिनिट, यातलं जे आधी संपेल ते, असा आमचा नियम आहे. त्यानंतर हाडातली सुई, म्हणजे हाडाच्या मज्जेतून रक्त आणि औषधं द्यायची. डावी मांडी मोडलेली असल्याने डावा पाय वर्ज्य, कारण मोडलेल्या बाजूला दिलेलं द्रव वाटेत बाहेर पाझरतं. उजव्या नडगीवर, गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या एक-दोन सेंमी खाली आणि आतल्या सपाट बाजूला सुई बसवली. सुई आधाराशिवाय उभी राहिली, सलाइनचा फ्लश सहज गेला, पोटरी फुगली नाही. पोटरी दर पाच मिनिटांनी दाबून पाहायचं काम एकाच सिस्टरकडे ठेवलं. सुई थोडी जरी सरकली तरी रक्त स्नायूत साठतं आणि आधीच संकटात असलेल्या मुलाचा चांगला पायही धोक्यात येतो.

गट ठरायच्या आधी तातडीने देता येणारं ओ निगेटिव्ह रक्त चढवण्यापूर्वी गट आणि क्रॉसमॅचसाठी (दात्याचं रक्त जुळतं का ते पाहायला) नमुना काढून ठेवला. तो नंतर घेतला तर त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं आणि पेढीला गट ठरवणं जड जातं. मुंबईत १९५२ साली सापडलेला 'बॉम्बे' रक्तगट नेहमीच्या झटपट तपासणीत 'ओ'सारखाच दिसतो, पण त्याला 'ओ' रक्तही चालत नाही, त्यामुळे आपल्याकडे तर हा नमुना चुकवूच नये. प्लाझ्माही (रक्तातला गोठवणाऱ्या घटकांचा द्रव भाग) तेव्हाच मागवला, कारण तो बर्फासारखा गोठवून ठेवलेला असतो आणि वितळायला अर्धा तास लागतो.

रक्त ६० मिलीच्या सिरिंजने, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून, रक्त कोमट करणाऱ्या वॉर्मरमधून दिलं: एकीकडून ओढायचं, कॉक फिरवायचा, दुसरीकडे ढकलायचं. तीन सिरिंज म्हणजे १८० मिली. प्रत्येक सिरिंज एकाने मोठ्याने मोजायची, दुसऱ्याने लिहायची. पिशवी ताजी मागितली होती. जुन्या पिशवीत पोटॅशियम साठतं, आणि लहान मुलाला ते वेगाने गेलं तर हृदय थांबू शकतं. पिशवीतलं रक्त गोठू न देणारं द्रव्य अंगातलं कॅल्शियम कमी करतं, म्हणून सोबत दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट ९ मिली, सावकाश.

पोट टणक आणि फुगलेलं होतं. त्यातला बराच भाग हवेचा असणार हे ठाऊक होतं, कारण घाबरलेलं, रडून दमलेलं मूल हवा गिळतं. डोक्याला मार असू शकतो म्हणून नळी नाकातून न घालता तोंडातून जठरात घातली. हवा आणि दुपारचा भात बाहेर आला, पोट निम्मं उतरलं, श्वासही सैल झाला. हे केल्याशिवाय पोट दाबून काढलेल्या निष्कर्षावर आम्ही विसंबत नाही.

सोनोग्राफीत प्लीहेभोवती (डाव्या बरगड्यांखालचा अवयव, स्प्लीन) आणि ओटीपोटात द्रव दिसला. छातीच्या एक्स-रेमध्ये एकही बरगडी मोडलेली नव्हती, तरी डाव्या फुफ्फुसाला खालच्या बाजूस सूज होती. मुलांच्या बरगड्या वाकतात आणि धक्का आतल्या अवयवाकडे पोचवतात. बरगड्या शाबूत आहेत म्हणून आत सगळं ठीक, असं मुलांच्या बाबतीत कधीच धरू नये.

तिसरी सिरिंज संपता संपता नाडी १२८ वर आली, पायाची बोटं कोमट झाली आणि ती रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "रड गं बाळा, खुशाल रड." रक्ताला प्रतिसाद मिळाला म्हणून सीटीला नेलं, तेही दुसरी पिशवी चालू ठेवून आणि दोन डॉक्टर सोबत घेऊन. मेंदूत रक्तस्राव नव्हता. प्लीहा पाचपैकी चौथ्या श्रेणीत, म्हणजे गंभीर, फाटलेली.

खरी अवघड वेळ इथून पुढची. बाहेर आजोबा विचारत होते, "सायेब, पोटात फुटलंय म्हणता आणि ऑपरेशन का करत नाही?" आम्ही त्यांना बसवून सांगितलं, "आजोबा, तिची प्लीहा काढून टाकली तर काही जंतूंशी लढायची ताकद आयुष्यभर कमी होते, साधा तापही जिवावर बेतू शकतो. रक्त थांबतंय तोवर ती वाचवायची. नाही थांबलं तर ऑपरेशन थिएटर तयार आहे." श्रेणी कितीही मोठी असो, प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेक मुलांची प्लीहा पोट न उघडता भरून येते. आमची मर्यादा ठरलेली होती. एकूण ४० मिली प्रतिकिलो, म्हणजे ७२० मिली रक्त देऊनही नाडी स्थिरावली नाही तर पोट उघडायचं. ती वॉर्डात बेडशेजारी लिहून लावली, म्हणजे ड्यूटी बदलली तरी आकडा बदलत नाही. तोवर ३६० मिली देऊन झालं होतं.

रात्री नाडी पुन्हा १४८ झाली. निवासी डॉक्टरांनी थिएटरला फोन करण्याआधी पांघरूण काढून मुलीला नीट पाहिलं, आणि तेच बरोबर होतं. तळपाय गरम, रंग दोन सेकंदांत परतणारा, प्रेशर १०४/६०, म्हणजे अंतर ४४. लघवी तासाला २२ मिली, हिमोग्लोबिन आधीच्या इतकंच. सोनोग्राफीत द्रव वाढलेला नव्हता. मात्र मांडीचं हाड ताणून धरायला लावलेल्या ट्रॅक्शनचं वजन पलंगाच्या दांडीवर टेकलं होतं, ओढ सुटून हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. वजन मोकळं सोडलं, मॉर्फिन १ मिग्रॅ सावकाश दिलं. वीस मिनिटांत नाडी ११६. संध्याकाळी आणि रात्री आकडा जवळपास तोच, पण एकदा त्याच्यासोबत गार पाय होते आणि एकदा गरम.

पुढे रक्त लागलं नाही. प्रकृती स्थिर झाल्यावर मांडीत लवचीक टायटॅनियमचे खिळे बसवले. घरी जाताना कार्डावर लिहून दिलं: सहा आठवडे पळापळ, उड्या, सायकल बंद, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखलं, उलट्या झाल्या, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला तर रात्र असली तरी लगेच यायचं. वडिलांना वेगळं सांगितलं की टाकीवर पुन्हा कधीच बसवायचं नाही. मागे बसवायचं, तिच्या मापाचं हेल्मेट घालून. चार वर्षांवरच्या मुलांना ते कायद्यानेही सक्तीचं आहे.