कोपलीची वही
बॉस्टनचा व्यक्तिचित्रकार जॉन सिंगलटन कोपली याने १७५६ च्या सुमारास, ऐन अठराव्या वर्षी, शरीररचनेच्या रेखाटनांची जी वही तयार केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गावात चित्रशाळा नव्हती आणि ज्याच्याकडून काही शिकता आले असते तो सावत्र बाप, धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापणारा उत्कीर्णनकार पीटर पेलम, १७५१ सालीच वारला होता. त्यामुळे या मुलाने युरोपीय ग्रंथांतील चित्रे समोर ठेवून स्नायू न् स्नायू गिरवला. (त्याच काळातला दुसरा अमेरिकी व्यक्तिचित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट मात्र रेखाटनाच्या फंदात न पडता थेट कुंचल्यानेच चेहरा उभा करी.) पुढे लंडनमध्ये भव्य इतिहासचित्रे रंगवताना कोपली निळसर कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने एकेक आकृती काढी आणि ती कॅनव्हासवर मोठी करून उतरवता यावी म्हणून तिच्यावर चौकटी आखी. त्या चौकटींआड चाचपडणारी खडूची रेघ मला त्याच्या तुकतुकीत रेशमी तैलचित्रांपेक्षा अधिक जिवंत वाटते.