थंडीत दह्याला तार का येते

गेल्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस दही बिघडलं. रात्री विरजण लावलं, सकाळी झाकण काढलं तर वर साय, खाली अर्धवट घट्ट झालेलं दूध, आणि चमचा उचलला की मधासारखी तार लोंबतेय. नाशिकची डिसेंबरातली थंडी, सकाळी सहाला ओट्यावर थर्मामीटर ठेवून बघितला तर १४ डिग्री.

आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, अगं दूध कोमट होतं का? होतं की. मग भांडं कुठे ठेवलंस? ओट्यावरच. तिथेच चुकलं, ती म्हणाली, दूध बोटाला सोसेल इतकं गरम घ्यायचं आणि भांडं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचं.

बीएस्सीला माझा मायक्रोबायोलॉजी विषय होता, इन्क्युबेटरवरचा (जंतू वाढवायची उबदार पेटी) ३७ डिग्रीचा आकडा रोज बघायचे, पण घरच्या दह्याचा असा विचार कधी केलाच नव्हता. विरजणात एकच जंतू नसतो, चांगली मिश्र वस्ती असते. त्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांना ४० ते ४५ डिग्रीची ऊब आवडते, लॅक्टोकॉकस मात्र ३० च्या आसपास खूश असतो. म्हणजे विरजण तेच, पण आपण भांडं जिथे ठेवतो तिथली ऊब ठरवते की आज रात्री कोण जास्त वाढणार. हे मला फार भारी वाटतं!

हे सगळेच दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.६ असतो, तो ४.६ च्या जवळ आला की केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरतात आणि दही लागतं. थंडीत हेच काम इतकं हळू चालतं की रात्र पुरतच नाही, आणि काही जाती कमी तापमानात स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ जास्त सोडतात, तीच ती तार. उलट घाईत कढत दुधात विरजण घातलं तर जंतू मरतात आणि सकाळी नुसतं दूधच मिळतं.

मग शनिवारी रात्री एकाच विरजणाच्या दोन वाट्या लावल्या, एक ओट्यावर आणि दुसरी तांदळाच्या डब्यात, वरून जुना टॉवेल गुंडाळून. सकाळी ओट्यावरच्या वाटीला परत तार, डब्यातलं मात्र बऱ्यापैकी घट्ट, वाटी तिरकी केली तरी हललं नाही, तार अगदी बारीक.

इडलीच्या पिठाचं पण तसंच आहे, त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू गॅस सोडतो म्हणून पीठ फुगतं, आणि थंडीत तो सुस्तावला की पीठ रात्रभर जागचं हलत नाही. फ्रिजमध्येही जंतू मरत नाहीत, फक्त मंदावतात, म्हणून चार दिवसांचं दही आंबट होतं.

तार आलेलं विरजण पुढे वापरत राहिलं तर तीच जात रोज आपल्यासोबत येत राहते, म्हणून मी ते सगळं कढीत संपवलं आणि शेजारच्या काकूंकडून दोन चमचे ताजं विरजण आणलं. आत्ता ते डब्यात आहे, तांदळाच्या बरोब्बर मधोमध.