सुकी फांदी राहू द्यावी

गोव्यात पक्षी पाहायचे म्हणजे रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायचे, असा पुष्कळांचा समज आहे. तिथले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे असले तरी खारफुटीच्या त्या पट्ट्याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र शहरातल्या मुलांना वर्षातून एकदा तिथे नेऊन आणल्याने आपल्या खिडकीसमोरच्या झाडावर काय चालले आहे, हे त्यांना कळत नाही. म्हणून आम्ही काही शेजारी पणजीतच, कधी कांपालच्या बागेत तर कधी आल्तिनोच्या चढावर, सकाळी लवकर जमतो आणि शक्यतो त्याच त्या झाडांपाशी पुन्हा पुन्हा थांबतो.

फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक गणनेत भारतातील पक्षीप्रेमी २०१३ पासून भाग घेत आहेत. एका जागी किमान पंधरा मिनिटे थांबून दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या पक्ष्यांची नोंद ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करायची, एवढाच तिचा नियम असल्याने नवख्यांनाही ती सहज जमते. कावळा, घार आणि साळुंकी लिहून झाल्यावर मुले आपोआप आवाजांकडे वळतात आणि मग त्यांना तांबट सापडतो.

या उपक्रमात मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा तांबटानेच दिला आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुकटुक आवाज काढणारा हा चिमणीएवढा पक्षी सुकलेल्या किंवा आतून कुजलेल्या फांदीत चोचीने ढोली कोरून अंडी घालतो. तांबट आणि सुतार पक्षी यांनी सोडून दिलेल्या अशा ढोल्या पुढे दयाळासारख्या, स्वतः ढोली न कोरणाऱ्या पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. आपण मात्र सुकी फांदी दिसली की झाड अस्वच्छ झाले असे मानतो आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत नेमकी तीच आधी जाते. ही छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते; त्याच सुमारास कावळ्यांची घरटी भरलेली असतात आणि त्यांत कोकिळेची अंडीही असतात. वीजवाहिनीवर किंवा पदपथावर झुकलेली फांदी तोडलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बागेच्या आतल्या बाजूची, कुणाच्याही डोक्यावर न येणारी फांदी मात्र पिल्ले उडून जाईपर्यंत राहू द्यायला काहीच हरकत नसावी. यासाठीच एप्रिलच्या आरंभी फिरून ढोल्या आणि घरटी असलेल्या झाडांची यादी करणे आणि ती छाटणी करणाऱ्यांच्या हाती वेळेत लेखी देणे, हे काम मी साऱ्या फेरफटक्यांपेक्षा महत्त्वाचे मानतो.

उन्हाळ्यात उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे आणि भांडे घासावे, हे सर्वांना ठाऊक असते. धान्य टाकण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. त्याने मुख्यतः पारव्यांची गर्दी वाढते, तर चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना किडे-अळ्या भरवत असल्याने तिला कीटकनाशक न फवारलेली चार झुडपे अधिक हवी असतात. घरट्याबाहेर पडलेले, पिसे फुटलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात; त्याला मांजराच्या आवाक्याबाहेर, शेजारच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे. ते जखमी असेल तर वन खात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पोपटासारखा देशी पक्षी घरी पिंजऱ्यात ठेवता येत नाही, हेही मुलांच्या पालकांना आम्ही आवर्जून सांगतो.

येत्या हंगामात यादीचे काम वाड्यावाड्यांत वाटून घ्यायचे आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. आपल्या रस्त्यावरची झाडे ओळखणारी आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे पाहणारी माणसे मात्र प्रत्येक वाड्यातून हवी आहेत.